एमआरआयमध्ये ‘मोडिक टाइप १’ आलंय, कंबरदुखीसाठी १०० दिवस अँटिबायोटिक घ्यावं का?

नाही, फक्त त्या रिपोर्टवरून सुरू करू नका. मोडिक टाइप १ म्हणजे मणक्यांमधल्या चकतीलगतच्या हाडात एमआरआयवर दिसणारी सूज. फाटलेल्या चकतीत त्वचेवरचे जंतू शिरून मंद संसर्ग करतात, या तर्कावर २०१३ मध्ये डेन्मार्कच्या चाचणीत अँटिबायोटिकने गुण दिसला होता. पण २०१९ मध्ये नॉर्वेत १८० रुग्णांवरच्या चाचणीत अमॉक्सिसिलिन (७५० मिग्रॅ, दिवसातून तीनदा, तीन महिने) घेऊनही रुग्णांना जाणवेल असा फरक पडला नाही. दुष्परिणाम मात्र वाढले. शिवाय ऑपरेशनवेळी त्वचेवरचेच जंतू चकतीच्या नमुन्यात मिसळू शकतात, म्हणून ते सापडले म्हणजे संसर्ग आहेच असं नाही.

खरा संसर्ग वेगळा. संध्याकाळी ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारी कळ असेल, किंवा खानदेशात अनेक घरी असतात तशा शेळ्या-गुरांशी संबंध, कच्चं दूध पिणं असेल, तर धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मणक्याचा क्षय (टीबी) आणि ब्रुसेलोसिस (जनावरांकडून होणारा संसर्ग) तपासून घ्या: ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या), ब्रुसेला रक्तचाचणी, गरज पडल्यास बायोप्सी. त्याआधी मेडिकलवरून अँटिबायोटिक घेतलंत तर कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू सापडणं अवघड होतं.