इस्रायल-पॅलेस्टाईनवर लिहिणाऱ्या कादंबरीकाराने दोन्ही बाजू सारख्याच तोलून मांडायला नकोत का?

पारडी सारखी करायला बसलेला लेखक या विषयात हमखास फसतो, असं माझं मत आहे. दोन्हीकडची दोन भली माणसं घ्यायची, समोरासमोर बसवून रडवायची, शेवटी गळाभेट घडवायची. वाचताना बरं वाटतं, पण घर गेलं कुणाचं आणि राहतंय कोण, हा प्रश्न तसाच राहतो.

पॅलेस्टिनी लेखक घसान कनफानी यांची ‘हैफाला परतताना’ (1969) ही लघुकादंबरी वाचा, इंग्रजी भाषांतर मिळतं. एप्रिल 1948 मध्ये हैफा हे बंदराचं शहर ज्यू सैन्याच्या हाती पडलं, त्या पळापळीत सईद आणि सफियाचं पाच महिन्यांचं बाळ घरातच राहिलं. 1967 च्या युद्धानंतर वाट मोकळी होते आणि दोघं स्वतःच्याच घराची बेल वाजवतात. दार उघडते पोलंडहून आलेली मिरियम. तिचे वडील ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारले गेले. सईदची नजर जुन्या मोरपिसांवर जाते. सात होती, आता पाच आहेत. दोन कुठे गेली, असं तो विचारतो. पोराने लहानपणी खेळताना हरवली असतील, असं ती सांगते. ते पोर सईदचंच, आता डोव्ह नावाचं, इस्रायली गणवेशातलं. त्या दोन पिसांपाशी मी दर वेळी थांबते.

कनफानी तटस्थ मुळीच नव्हते. बारा वर्षांचे असताना त्यांना घरदार सोडावं लागलं, पुढे ते ‘पॉप्युलर फ्रंट फॉर द लिबरेशन ऑफ पॅलेस्टाईन’ या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेचे प्रवक्ते झाले, आणि 1972 मध्ये बैरूतमध्ये गाडीतल्या बॉम्बने मारले गेले. कादंबरीचा शेवटही उघडपणे एका बाजूचा आहे. तरी मिरियमला त्यांनी खलनायिका केलं नाही. मेलेलं अरब मूल ट्रकमध्ये फेकताना पाहून तिला हा देश सोडून परत जावंसं वाटलं होतं, हे त्यांनीच लिहिलंय. आणि डोव्ह जन्मदात्यांना विचारतो, मला टाकून गेलातच का? त्यावर सईद बोलतो खूप, पण मुलगा परत येत नाही.

दुसऱ्या बाजूने इस्रायली लेखक एस. यिझहार यांची ‘खिर्बेत खिझे’ (1949) वाचा. निवेदक इस्रायली सैनिक, काम एक अरब गाव रिकामं करण्याचं. त्याला ते सहन होत नाही, तरी तो तुकडीबरोबरच राहतो. गावकऱ्यांना संवाद फारसे नाहीतच. सातेक वर्षांच्या मुलाचा हात घट्ट धरून एक बाई त्याच्यासमोरून निघून जाते, आणि तिला सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीही नसतं.