रानात एकट्याने राहू पाहणाऱ्यास

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात एकट्याने राहण्याची तुमची ओढ मला समजते. मात्र माणसांचा वीट आला आहे की रानाचीच आवड आहे, हे आधी ठरवा, कारण नुसता वीट तिथेही पाठ सोडत नाही. तिथल्या म्हादई अभयारण्यात परवान्याविना मुक्काम बेकायदा आहे, म्हणून सुरुवात गावालगतच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, मालकाला विचारून करा. नवखे हमखास चुकतात ते पाण्याच्या अंदाजात: १९९२ साली अलास्कात क्रिस्टोफर मॅककँडलेस हा २४ वर्षांचा तरुण एप्रिलमध्ये ओलांडलेली नदी जुलैत फुगलेली पाहून माघारी वळला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने दगावला. आपले व्हाळ, म्हणजे ओढे, तर पावसाळ्यात एका रात्रीत चढतात. परतण्याचा दिवस घरी सांगूनच निघा; रानभाज्यांची पारख वगैरे पुढे पाहू.