वाचकांचे प्रश्न : डोक्यावर कडी असलेला रोमन

प्रश्न : एका परदेशी म्युझियमच्या साइटवर ब्राँझचा रोमन अर्धपुतळा पाहिला. डोक्यावर कडी, आत शिसं आणि नोंद 'वजन' अशी. दिलेले ग्रॅम रोमन पौंडांत बसवले तर पूर्ण आकडा येत नाही. दुकानदार काटा मारत होता का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तेवढ्यावरून त्याला चोर ठरवू नका. रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा, त्याचे 12 औंस. पण हा हिशेब तागडीच्या पारड्यात टाकायच्या वजनांचा. कडीचा पुतळा लांब दांडीवर सरकवायचा असतो. आखूड बाजूला माल टांगायचा, लांब बाजूला पुतळा मागेपुढे करायचा आणि दांडी आडवी झाली की खाच वाचायची. खाचा त्याच पुतळ्याला धरून पाडलेल्या असल्या की झालं, तो नेमका किती पौंडांचा याला महत्त्व नाही. त्यामुळे दांडी हरवली असेल तर नुसत्या पुतळ्यावरून काट्याची क्षमता सांगता येत नाही. चेहरा बहुधा सम्राटाचा, मिनर्व्हा देवीचा किंवा मर्क्युरीचा. मर्क्युरी तर व्यापाराचाच देव!

शिवाय म्युझियम देतं ते आजचं वजन. ब्राँझचं पोकळ कवच ओतून आत शिसं भरत. पुढे शिसं झिजतं, गळून पडतं. समजा पुतळा 1.5 किलोचा, माल टेकूपासून 4 सेंमीवर आणि पुतळा 20 सेंमीवर. दांडीचं स्वतःचं वजन सोडलं तर माल 7.5 किलो. आता 100 ग्रॅम शिसं गेलं, तर 7 किलो मालालाही तीच खाच लागते. म्हणजे पुतळा हलका झाला की गिऱ्हाइकाचं नुकसान, दुकानदाराचा फायदा. काटा मारलाच असेल तर इथे, आणि आज ते सिद्ध करणं अवघड.

प्रश्न : जुन्या बाजारातून घेतलेल्या पितळी वजनाच्या बुडाशी शिशावर पांढरी पूड येते. चिंचेनं घासू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अजिबात नको. आम्लानं शिसं आणखी खाल्लं जातं. प्लायवूडच्या कपाटातल्या आम्लयुक्त वाफाच बहुतेक वेळा याचं मूळ असतात, त्यात पुण्याचा पावसाळी दमटपणा. पूड विषारी आहे. कोरड्या ब्रशनं उडवू नका, हातमोजे घाला. वजन झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्या. पितळेवर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली तर ते क्लोराइडचं काम. अशा वेळी मात्र घरी काही न करता वजन संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.