हनोईतल्या व्हिएतनामी नोकरदारांना ऑनलाइन वर्गात मृत्यू आणि अंत्यविधीचे इंग्रजी शब्द कसे शिकवावेत? शब्दांची यादी मिळेल का?

यादी देत नाही. 'कॉफिन' (शवपेटी), 'हर्स' (शववाहिका), 'पॉलबेअरर' (शवपेटी उचलणारा) असे चाळीस शब्द घोकलेला विद्यार्थी समोरून "आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस" ऐकू आलं की गप्प होतो. तुम्ही हनोईतल्या नोकरदारांना ऑनलाइन शिकवता असं लिहिलंय, तेव्हा त्याच बेताने सांगतो.

सुरुवात 'लॉस्ट'पासून करा. व्हिएतनामीत 'चेत' म्हणजे थेट मरणं. आपल्या माणसाबद्दल अदबीने 'मत्' म्हणतात आणि 'मत्' म्हणजे हरवणंही. त्यामुळे "आय लॉस्ट माय फादर" त्यांच्या लगेच पचनी पडतं. घातही इथेच होतो. त्यांच्याकडे 'मत्'चा कर्ता गेलेला माणूस असतो, आपल्या 'वडील गेले'सारखा. म्हणून विद्यार्थी लिहितो, "माय फादर लॉस्ट लास्ट इयर". वाचणाऱ्याला वाटतं, वडील निवडणूक हरले! नियम फळ्यावर लिहा: 'लॉस्ट'च्या आधी मागे राहिलेला, नंतर गेलेला.

पुढची गाठ 'डाइड', 'डेड', 'डेथ'ची. त्यांच्या क्रियापदाला काळाचा प्रत्यय लागत नाही, भूतकाळ दाखवायचा तर आधी 'दा' ठेवतात. त्या 'दा'च्या जागी विद्यार्थी 'वॉज' बसवतो आणि "ही वॉज डाइड" तयार होतं. त्यात उच्चाराची भर. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी स्फोटक व्यंजनं तीनच, प, त, क, आणि तीही तोंडातच विरतात. त्यामुळे 'डेड' आणि 'डेथ' दोन्ही 'देत'सारखे ऐकू येतात, 'डाइड'चा तर नुसता 'दाय' उरतो. चूक व्याकरणाची की जिभेची, हे कानाला कळत नाही. आपल्या मराठी शिक्षकांची इथे खास अडचण होते. 'टी-एच' लिहिलं की त्यांचाही थ निघतो आणि आपलाही, म्हणून त्यांचं 'थँक यू' चुकलेलं असूनही आपल्याला बिनचूक वाटतं. 'डाइड'वर उपाय सोपा आहे: क्रियापदानंतर स्वराने सुरू होणारा शब्द आणा. "डाइड इन 2015" म्हणजे 'डाय-डिन', "डाइड ऑफ कॅन्सर" म्हणजे 'डाय-डव्ह'. ड पुढच्या स्वराला चिकटला की गळत नाही. एका तासात अशी आठ-दहा वाक्यं पुरेत.

'पास्ड अवे' (वारले) शिकवताना 'पास्ड आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं हेही तिथेच सांगून टाका. अमेरिकेत नुसतं "शी पास्ड" म्हणतात. तिथल्या नेल सलूनमध्ये व्हिएतनामी कारागीर मोठ्या संख्येने आहेत आणि गिऱ्हाइकं नखं रंगवून घेता घेता घरचं सगळं बोलतात. तिथे "परीक्षा पास?" असा चेहरा झाला की संपलं. 'माय लेट फादर' (माझे दिवंगत वडील) आणि "माय फादर इज लेट" (वडिलांना उशीर झालाय) ही जोडी तर द्याच.

आता 'सॉरी'. त्यांच्या डोक्यात 'सॉरी' म्हणजे 'सिन लोय', अर्थात माफी. म्हणून उत्तर येतं, "इट्स नॉट युअर फॉल्ट". सांत्वनाला ते 'चिआ बुओन' म्हणतात, दुःख वाटून घेणं. त्यावरून मेलमध्ये "आय शेअर सॅडनेस विथ यू" उतरतं. अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. दोन वाक्यं पक्की करा: बोलताना "आय ॲम सो सॉरी", लिहिताना "प्लीज ॲक्सेप्ट माय कंडोलन्सेस". उत्तर फक्त "थँक यू". 'कंडोलन्सेस' आणि 'काँग्रॅच्युलेशन्स' एकाच तासात शिकवू नका, 'कॉन'वर गाडी घसरते.

युद्धात गेलेल्यांसाठी त्यांचा शब्द 'ही सिन', म्हणजे बलिदान. "माय अंकल सॅक्रिफाइस्ड इन 1972" अर्धवट लटकतं. "वॉज किल्ड इन द वॉर" म्हणायला लावा. इथे 'पास्ड अवे' मिळमिळीत वाटतं. क्वांग ची प्रांतातल्या चुओंग सोन स्मशानभूमीत 10,000 हून जास्त सैनिकांच्या कबरी आहेत. हा विषय बऱ्याच घरांत जिवंत आहे.

काही क्लासचालक "शुभ बोल नाऱ्या" म्हणत हा धडाच गाळतात. अशुभ कसलं? व्हिएतनामी घरात दरवर्षी 'झो' असतो, चांद्र तिथीने. आपलं श्राद्धच, फक्त पंगत मोठी. त्यासाठी परदेशी साहेबाकडे सुट्टी मागायची तर काय बोलायचं? "डेथ ॲनिव्हर्सरी" ऐकून साहेब हळहळतो आणि इकडे घरी जेवणाचा बेत चाललेला असतो. "अवर फॅमिली गॅदर्स एव्हरी इयर ऑन द डे माय ग्रँडफादर डाइड" हे वाक्य चाळीस शब्दांच्या यादीपेक्षा कामाचं. उत्तरेकडे साधारण तीन वर्षांनी अस्थी उकरून, धुऊन पुन्हा पुरतात. शब्दकोश त्याला 'एक्झ्यूम' देतो, पण तो पोलिसी शब्द आहे, ऐकणाऱ्याला खुनाचा तपास आठवतो. "वी मूव्ह द बोन्स टू अ न्यू ग्रेव्ह" असं साधं सांगू द्या.

एक राहिलं: कॅथलिक घरांत प्रार्थनेचे शब्द वेगळे लागतात, दक्षिणेत 'झो'चा उच्चार 'यो' होतो. आणि धड्याआधी कुणाकडे नुकतंच काही घडलंय का, ते खासगीत विचारून घ्या; मृत्यूनंतरचे 49 दिवस (बौद्ध रीतीतला शोकाचा काळ) झाले नसतील तर त्या विद्यार्थ्याला संवादाच्या सरावात ओढू नका.