‘कायमस्वरूपी’ या शब्दापुढे सही करू नका

प्रश्न : आमची पाणी वापर संस्था कालव्याच्या टेलला (शेवटच्या टोकाला) आहे. शेजारच्या वाढत्या शहराची महापालिका आमच्या वाट्याचे पाणी कायमचे मागत असून एकरकमी मोबदला देऊ करते. संमतिपत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. अध्यक्षांनी ठराव सही करून दिला आहे. आता काही पर्याय उरतो का? – सचिव

उत्तर : पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे आणि कालव्याच्या पाण्यावर शेतकऱ्याची मालकी नसते, या दोन गोष्टी तुम्हांला ठाऊकच असणार. अशी पत्रे माझ्याकडे नेमाने येतात आणि बहुतेकांत मोबदल्याचा आकडा तेवढा ठळक असतो. तुमचा प्रश्न मात्र आकड्याने सुटणारा नाही. तो सुटेल महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील कलम ११ च्या एका तरतुदीने. पाण्याचा हक्क हा केवळ उपभोगाचा हक्क असून प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली तो दुसऱ्याला देता येतो, त्याची अदलाबदल करता येते, तो विकताही येतो. पण वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर. मसुद्याच्या चौथ्या परिच्छेदात ‘कायमस्वरूपी व अपरिवर्तनीय’ असे शब्द आहेत. जे तुम्हांला कायमचे देताच येत नाही, ते देण्याचा ठराव अध्यक्षांनी केला आहे. क्षेत्रीय वाटप, म्हणजे शेती, पिणे व उद्योग यांतली पाण्याची विभागणी, बदलण्याचा अधिकार कलम १६-क नुसार राज्य सरकारचा आहे आणि त्यासाठी तुमच्या सहीची गरज नाही. मग सही का मागतात? माझ्या मते, उद्या तुम्ही तक्रार घेऊन उभे राहिलात तर तुमचाच कागद तुमच्यासमोर ठेवता यावा म्हणून.

आता अडचणीची बाजू. तुमचे सभासद आजही शाखा कार्यालयात नमुना ७ चे, म्हणजे सिंचनाच्या पाणीमागणीचे, वैयक्तिक अर्ज भरतात, असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. साऱ्या पत्रात मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. २०११ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-क मुळे हक्कांच्या तरतुदी लागू होतात त्या केवळ ‘सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ अधिनियमाखाली कार्यक्षेत्र निश्चितीसह सारी पूर्तता झालेल्या भागातच. वैयक्तिक अर्ज चालू आहेत, याचा अर्थ संस्थेला पाणी मोजून मिळत नाही आणि बहुधा हस्तांतरणाचा, म्हणजे व्यवस्थापन संस्थेकडे सोपवण्याचा, करारनामाही झालेला नाही. तसे असेल तर वर सांगितलेला हक्कच तुम्हांला अजून लागू नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बारा वर्षे स्वस्थ बसलात; ही पूर्तता तेव्हाच केली असती तर आज वाटाघाटीत तुमचे पारडे जड असते. अर्थात अधिसूचना व करारनामा पाहिल्याशिवाय यापुढे मी ठाम काही म्हणणार नाही. करारनाम्याची प्रत सापडत नसेल तर उपविभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अध्यक्षांचा ठराव सर्वसाधारण सभेशिवाय टिकेल की नाही हे उपविधींवर अवलंबून आहे. तरीही विशेष सभा बोलावून तो रद्द करा आणि तसे कार्यकारी अभियंत्यांना लेखी कळवा. न्यायालयाच्या भरवशावर राहू नका. तिथे पहिली तारीख लागेपर्यंत रब्बीची आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या फेऱ्या, संपलेली असतात.

नुसता नकार देऊन भागणार नाही, कारण शहराची तहान खरी आहे. म्हणून उलट प्रस्ताव तुम्हीच द्या : १५ ऑक्टोबरचा धरणसाठा करारात ठरवलेल्या पातळीखाली गेला तर त्या वर्षापुरते उन्हाळी आवर्तन शहराला, बाकी वर्षी नाही. त्या वर्षी कोणत्या चारीखालची (छोट्या पोटकालव्याखालची) जमीन पडीक राहील याची पाळी आधीच लावून ठेवा, म्हणजे एकाच शेतकऱ्याचे दर वेळी नुकसान होणार नाही. कॅलिफोर्नियातील पालो व्हर्डे खोऱ्यात २००५ पासून असा ३५ वर्षांचा करार चालू आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या शहरांना पाणी पुरवणारी संस्था शेतकऱ्यांना पैसे देऊन काही जमीन पाळीपाळीने पडीक ठेवायला लावते आणि बाकीची शेती चालू राहते. तिथला कायदा वेगळा, त्यामुळे तो करार जसाच्या तसा उतरवू नका. घ्यायची ती पाळीची कल्पना. ठिबकचा खर्च महापालिकेने करावा आणि वाचलेले पाणी मोजून घ्यावे, हाही मार्ग आहे, मात्र त्याला चारीवर मोजमापाचे साधन लागते आणि तुमच्याकडे ते दिसत नाही.

बदल्यात प्रक्रिया केलेले सांडपाणी मागता येईल. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (उपसा विहिरीतून) शेतीच्या बेबी कालव्यात असे पाणी सोडण्याची पुण्याची योजना याच हिशेबाने आखलेली आहे. पण किती पाणी देणार एवढेच लिहून घेऊ नका. त्याचा दर्जा, तपासणी कोण करणार आणि दर्जा घसरला तर धरणाचे पाणी किती दिवसांत परत सुरू होणार, हेही लिहून घ्या. यातले काहीही प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय अंमलात आणू नका. सिंचन पुनर्स्थापना खर्च, म्हणजे पाणी वळवल्याने घटलेले सिंचन भरून काढण्यासाठी शासनाला द्यायची रक्कम, हा वेगळा विषय आहे आणि तो तुमच्या खिशात येत नाही, हे सभासदांना सभेतच सांगा.

आवर्तनांचे नियोजन करणाऱ्या कालवा सल्लागार समितीची पुढची बैठक होण्यापूर्वी प्रस्ताव लेखी जायला हवा. मसुद्याची जी प्रत तुमच्याकडे आहे, तिच्यावर तारखेची जागा कोरी आहे. ती कोणालाही भरू देऊ नका.