सीमाभागातल्या अंगणवाडीवर समस्या विधान लिहिताना

बेळगाव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण समस्या अजून हाती लागलेली नाही, आणि ती लागल्याशिवाय पुढची चाळीस पानं लिहून काही उपयोग नाही. म्हणून आज फक्त समस्या विधानाबद्दल, म्हणजे नेमकं काय माहीत नाही आणि तू काय शोधणार हे सांगणाऱ्या मजकुराबद्दल लिहिते. साधनं, सांख्यिकी, प्रकरणांची मांडणी यांचं पुढे बघू.

‘आजचे युग हे माहिती-तंत्रज्ञानाचे युग आहे’ हे पहिलं वाक्य काढून टाक. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, कितीतरी प्रबंध याच वाक्याने उघडतात आणि वाचणाऱ्याला त्यातून एकाही मुलाबद्दल काही कळत नाही. शिवाय अशी तयार वाक्यं उचलली की पार्श्वभूमीतच इतरांच्या लिखाणाशी साम्याचं प्रमाण वाढतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच ते चालतं.

आता शीर्षक. ‘बेळगावी जिल्ह्यातील पूर्वप्राथमिक स्तरावरील बालकांच्या सर्वांगीण विकासावर तंत्रज्ञानाच्या वापराचा होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’. यातला एकेक शब्द हातात घेऊन बघ. जिल्हा म्हटलं की खानापूरच्या जंगलातलं कणकुंबी आलं आणि कृष्णाकाठचं उगारही आलं. पूर्वप्राथमिक म्हटलं की सरकारी अंगणवाडी, एखाद्या मंडळाची बालवाडी आणि शहरातलं इंग्रजी माध्यमाचं एलकेजी, तिन्ही आली. सर्वांगीण विकासात शारीरिक, भाषिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक सगळंच येतं. एका प्रबंधात यातलं एक अंग नीट मोजता आलं तरी पुष्कळ झालं. ‘चिकित्सक’ हा शब्द काहीच सांगत नाही, तो गाळ.

सगळ्यात मोठा घोळ ‘तंत्रज्ञान’ या शब्दात आहे. २०२१ पासून सेविका ज्या फोनवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये हजेरी, वजन-उंची, आहार भरते, तो फोन तंत्रज्ञानच आहे. त्याच फोनवर लावलेलं बडबडगीत हेही तंत्रज्ञान. भिंतीवरचा टीव्हीही, आणि घरी रडणाऱ्या पोराच्या हातात दिलेला मोबाईलही. पहिल्या प्रकारात मूल पडद्याकडे बघतसुद्धा नाही, सेविका बघते, आणि तेवढा वेळ ती मुलाला मिळत नाही. दुसऱ्यात दोघं मिळून बघतात. चौथ्यात मूल एकटंच बघतं. हे सगळं ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या एकाच चलात, म्हणजे मोजायच्या एकाच गोष्टीत, कोंबलंस तर जो आकडा येईल त्याला शेंडा ना बुडखा. यातला एकच प्रकार निवड. माझं मत विचारशील तर दुसरा: अंगणवाडीत, सेविकेसोबत, फोनवर बघितलेली गोष्ट किंवा गाणं.

‘संशोधनातील पोकळी’ या मथळ्याखाली तू लिहिलं आहेस, ‘बेळगाव जिल्ह्यात असा अभ्यास झालेला नाही.’ ही पोकळी नव्हे. असा अभ्यास बागलकोटमध्येही झालेला नसेल, गडचिरोलीतही नसेल. ठिकाण बदललं म्हणून समस्या नवी होत नाही. ठिकाणामुळे शिकण्याच्या प्रक्रियेत काहीतरी वेगळं घडत असेल तरच ते ठिकाण समस्येत यावं. आपल्या भागात तसं घडतं आणि नेमकं तेच तुझ्या आराखड्यात कुठे नाही. घरी मराठी, अंगणवाडीची कागदपत्रं आणि पुस्तिका कन्नडमध्ये, सेविकेचं बोलणं जिथे जसं जमेल तसं, आणि फोनवरचं गाणं कन्नड, हिंदी नाहीतर इंग्रजी. चार वर्षांच्या मुलासमोर एका वेळी तीन भाषा असतात. सीमाभाग हा शब्द फक्त शीर्षकात ठेवून भागणार नाही, तो समस्येच्या आत काम करताना दिसला पाहिजे.

हे टेबलावर बसून सुचत नाही. विधान लिहायच्या आधी दोन-तीन अंगणवाड्यांत मिळून आठ-दहा दिवस नुसती बस. प्रश्नावली नको, फोनही बाहेर काढू नको, वही-पेन्सिल पुरे. गाणं लागलं की बघ, सहा इंची पडदा आणि पंधरा मुलं. पुढच्या चार-पाच जणांनाच दिसतं, मागची उभी राहतात, ढकलाढकली होते. दारातून ऊन येत असलं तर पडदा पांढरा दिसतो आणि उरतो तो फक्त आवाज. गाण्यात हत्ती येतो, आवाज म्हणतो ‘आने’. एखादी पोर ओरडते, ‘बाई, हत्ती आला!’ पुढच्या पाच सेकंदांत बाई काय करतात ते लिही. कधी काहीच बोलत नाहीत, कारण दुसऱ्या हाताने रजिस्टर भरणं चालू असतं. कधी म्हणतात, ‘हं, आने.’ आणि कधी गाणं थांबवून म्हणतात, ‘हत्तीच की. कन्नडमध्ये आने. सोंड कुठाय त्याची?’ मग चार मुलं बोटं दाखवत एकदम बोलायला लागतात.

या तीन उत्तरांमध्ये तुझी समस्या आहे. फोन तिन्ही वेळा तोच, गाणं तेच, मुलं तीच. बदलतं ते मोठ्या माणसाचं थांबणं आणि त्या थांबण्याची भाषा.

आता याला आधीच्या ज्ञानाशी जोड. साधारण तीन वर्षांखालची मुलं पडद्यावरून शिकतात त्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त शिकतात. याला ‘व्हिडिओ डेफिसिट’ म्हणतात, आणि वय वाढतं तसा हा फरक कमी होत जातो. पुस्तक वाचताना मध्ये थांबून मुलाला बोलतं केलं तर त्याची भाषा वाढते, हे व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. त्या मूळ अभ्यासात पालक, मूल आणि पुस्तक यांची भाषा एकच होती. नंतर द्विभाषिक मुलांवरही काम झालं आहे, ते शोधून वाच, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकशील. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही द्यायची, पण त्यात आहे तेवढंच सांगायचं: दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितकं बरं. ‘पडदा घातक आहे’ असं त्यातून काढू नकोस. पियाजे आणि वायगॉट्स्की या बालविकासाच्या अभ्यासकांची दोन-दोन पानांची चरित्रं तर नकोतच. वायगॉट्स्कीचं एकच सूत्र तुला लागतं, मोठ्यांच्या मदतीने मूल एक पायरी वर चढतं. ते वरच्या हत्तीच्या प्रसंगाला लावून दाखव, दहा ओळीत काम होईल.

विधान अडीचशे ते तीनशे शब्दांचं असावं. पहिल्या परिच्छेदात काय अपेक्षित आहे: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, आणि ऑक्टोबर २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने घरच्या भाषेवर भर दिला. इथे चार ओळी पुरेत. दुसऱ्यात प्रत्यक्ष काय दिसतं, तुझ्या वहीतून. तिसऱ्यात काय माहीत नाही. चौथ्यात तू काय शोधणार. सगळ्यात जास्त जागा तिसऱ्याला दे. बहुतेक आराखड्यांत पहिलाच परिच्छेद दीड पान चालतो आणि तिसरा एका वाक्यात उरकतो, त्यामुळे समितीला समस्या दिसतच नाही. तिसरा-चौथा साधारण असा लिहिता येईल:

‘घरी मराठी बोलणारी ४ ते ५ वर्षांची मुले कन्नड गोष्ट फोनवर पाहतात तेव्हा सेविका केव्हा व किती वेळा थांबते, थांबून कोणत्या भाषेत बोलते, आणि त्यानंतर मुलांच्या बोलण्यात काय फरक पडतो, याची पद्धतशीर नोंद उपलब्ध नाही. ही नोंद नसल्यामुळे सेविका प्रशिक्षणात फोन कसा चालवावा हे सांगितले जाते, पण फोन चालू असताना मुलांशी कसे बोलावे हे सांगता येत नाही. प्रस्तुत अभ्यासात खानापूर तालुक्यातील निवडक अंगणवाड्यांत सेविकेच्या थांबण्याचे प्रकार, त्यांची भाषा आणि मुलांचे प्रतिसाद यांतील संबंध तपासला जाईल.’

हे उचलून चिकटवू नकोस. प्रशिक्षणाबद्दलचं मधलं वाक्य तर प्रशिक्षणाची पुस्तिका स्वतः वाचून खरं ठरल्यावरच ठेवायचं, तिथे वेगळं दिसलं तर वाक्य बदलायचं. ‘संबंध’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. ‘परिणाम’ लिहिलंस की तुलना दाखवावी लागते. एका अंगणवाडीत फोन आणि दुसरीत नाही, प्रत्येकी पंचवीस मुलं, ही तुलना होत नाही. कारण फरक फोनचा की बाईंचा हे सांगता येणार नाही. एका अंगणवाडीतली मुलं एकमेकांसारखी असतात. हे साम्य, म्हणजे वर्गांतर्गत सहसंबंध, ०.१५ धरलं, तर २० अंगणवाड्यांतली प्रत्येकी १० अशी २०० मुलं सांख्यिकीच्या दृष्टीने सुमारे ८५ स्वतंत्र मुलांइतकीच भरतात. तीच २०० मुलं ४० अंगणवाड्यांतून प्रत्येकी ५ घेतलीस तर १२५ इतकी. मुलं वाढवण्यापेक्षा अंगणवाड्या वाढवाव्या लागतात, आणि एकट्या माणसाला कणकुंबी-जांबोटीच्या रस्त्यांवर चाळीस ठिकाणं झेपत नाहीत. आठ ते दहा अंगणवाड्यांतलं सखोल निरीक्षण तुझ्या आवाक्यात आहे, म्हणून विधानही तेवढंच मोठं असू दे.

विधानातल्या प्रत्येक शब्दाची कार्यात्मक व्याख्या, म्हणजे तो प्रत्यक्षात कसा ओळखायचा ते, शेजारी लिहून काढ, ज्याची व्याख्या करता येत नाही तो शब्द विधानातून जाईल. ‘थांबणं’ म्हणजे काय? गाणं बंद करणं, की आवाज चालू ठेवून बोलणं? समज, वीस मिनिटांच्या सत्राचे तीस-तीस सेकंदांचे चाळीस तुकडे केलेस आणि प्रत्येकात एक खूण केलीस. पाचातल्या एका सत्रात दुसरी निरीक्षक बसव आणि दोघींच्या खुणा ताडून बघ. कापा, म्हणजे दोघींच्या खुणा किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.७० च्या खाली आला तर दोष बहुधा व्याख्येत असतो, ती सुधार.

मुलांची शब्दसंपत्ती मोजायचीच असेल तर परदेशी चाचणी भाषांतर करून वापरू नकोस. शब्द तिथे ज्या क्रमाने सोप्याकडून अवघडाकडे जातात तो क्रम मराठीत टिकत नाही. चित्रं दाखवून नाव विचार, आणि दोन्ही भाषांतलं उत्तर ग्राह्य धर. मूल दुधाच्या चित्राला कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणालं तर त्याला दूध माहीत आहे. फक्त मराठी गुण दिलेस तर तिथे शून्य पडेल आणि तू ‘भाषिक मागासलेपणा’ असा खोटा निष्कर्ष काढशील. मराठी गुण, कन्नड गुण आणि दोन्ही मिळून संकल्पनेचे गुण असे तीन रकाने ठेव. अक्का, अण्णा, टेबल, फोन असे दोन्हीकडे सारखे शब्द यादीत नकोत.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे दुखरा आहे, तुझ्या घरीही असेल. तरी विधानात ‘लादलेली भाषा’, ‘वंचित बालके’ असे शब्द घालू नकोस. ते निष्कर्ष आहेत, आणि अभ्यासाआधी लिहिले तर परीक्षक पुढचं सगळं संशयाने वाचेल. ‘घरची भाषा’ आणि ‘केंद्राची भाषा’ एवढंच लिही, तुझ्या नोंदींत जे असेल ते आपोआप बोलेल. जिल्ह्याचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे. शीर्षकात आणि परवानगीच्या अर्जात तेच लिही, आणि मजकुरात जो शब्द वापरशील तो शेवटपर्यंत एकच ठेव.

परवानगीचा अर्ज महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा उपसंचालकांकडे आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, कन्नडमध्ये. विधान कन्नडमध्ये सांगता आलं नाही तर तिथेच अडेल, म्हणून एक प्रत आताच करून घे. पालकांची संमती मराठीत, वाचून दाखवून. मुलाने तोंड फिरवलं की त्या दिवशी त्याचं निरीक्षण थांबवायचं. चेहऱ्यांचं चित्रीकरण टाळ, आवाजाची नोंद पुरेशी आहे. आणि जुलैत खानापूरला जाऊ नकोस. पाऊस आणि रोप लावणी यांमुळे हजेरी कोसळते, आणि त्या हजेरीवरून काढलेलं कुठलंच विधान टिकणार नाही.

लिहून झालं की विधान एखाद्या सेविकेला वाचून दाखव, तिच्या बोलीत. ‘हे तर रोजचंच’ म्हणाली तर समस्या खरी आहे. ‘असं कुठं होतंय?’ म्हणाली तर वही उघडून पुन्हा बस. मग स्वतःला विचार, उत्तर ‘काही फरक पडत नाही’ असं आलं तरी ते कुणाच्या उपयोगी पडेल का? पडणार नसेल तर प्रश्नच चुकला आहे.

पुढच्या वेळी येताना तीनशे शब्दांचं विधान आण आणि सोबत निरीक्षणाच्या वहीतल्या मूळ पानांच्या झेरॉक्स. स्वच्छ उतरवून काढलेली पानं नकोत. जागेवर पेन्सिलीने लिहिलेली, खाडाखोडीसकट.

तुझी मार्गदर्शक