हर्णे बंदराचा इतिहास काय आणि गावाचं पोट कशावर चालतं?

हर्णे हे रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. एवढ्याशा जागेत चार किल्ले, यावरूनच बंदराचं मोल कळतं. सुवर्णदुर्ग आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं होतं. 1755 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपलंच आरमार आपणच खच्ची केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज गाव चालतं मासळीवर. वर्षानुवर्षं इथे बोटी धक्क्याला न लागता पाण्यातच उभ्या राहायच्या, माल होडीतून आणि बैलगाडीतून वाळूवर यायचा आणि तिथेच लिलाव व्हायचा. पापलेट, सुरमई, कोळंबी बर्फात घालून व्यापारी बाहेर पाठवतात. उरलेल्या मासळीवर कितीतरी कोळणींचे संसार उभे आहेत: विकत घेणं, निवडणं, सुकवणं, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव विकणं. बंदराच्या हिशोबात त्यांचं नाव पुढे येत नाही, ते यायला हवं.

शेजारचं पाजपंढरी आणि आंजर्लेही याच बंदराशी बांधलेले.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीचा आधार. बाकी महिने डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार हे खर्च आधी, मग नफा. सगळ्यात मोठं दुखणं एलईडी दिव्यांची मासेमारी, म्हणजे रात्री बोटीवरून प्रखर दिवे लावून मासळी एका जागी ओढायची आणि एकदम उचलायची. केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, पण अंमलबजावणी कडक झाल्याशिवाय छोट्या बोटवाल्याच्या जाळ्यात पुरेसं काही पडणार नाही.